नॅक्सोसच्या किनाऱ्यावर एक पूर्ण दिवस: ताव्हेर्नात कसं बसायचं, काय मागवायचं, पाण्यात कधी उतरायचं

ग्रीसला निघालेली ओळखीची मंडळी मला त्यांचा कच्चा बेत पाठवतात. त्यात अथेन्स, मिकोनोस, सांतोरिनी आणि मधल्या बोटींच्या वेळा असतात. समुद्रासमोर नुसतं बसायला एक अख्खा दिवस क्वचितच कुणी ठेवलेला असतो. मी प्रत्येकाला तेच सांगते: एक दिवस बाजूला काढा. सकाळी दहाला किनाऱ्यावरच्या एखाद्या ताव्हेर्नात जा. पोहा, जेवा, झाडाखाली आडवे व्हा, पुन्हा पोहा आणि ऊन उतरल्यावर उठा. बेटावरचे लोक आणि अथेन्सहून सुट्टीला आलेली कुटुंबं असाच दिवस घालवतात, आणि बेट खऱ्या अर्थानं कळतं ते याच वेळात.

ताव्हेर्ना म्हणजे घरगुती खाणावळ. बहुतेक ठिकाणी एकच कुटुंब ती चालवतं. किनाऱ्यावरच्या ताव्हेर्नात स्वयंपाकघर मागे असतं, टेबलं पुढे मांडवाखाली किंवा थेट वाळूत, आणि त्यापुढे दहा-वीस पावलांवर पाणी. मी जर्मनीत राहते, त्यामुळे नॅक्सोस या ग्रीक बेटावर चार वेळा जाणं झालं. एका खेपेला रत्नागिरीहून आलेले आई-बाबाही सोबत होते. पहिल्यांदा जाणाऱ्याला जे आधी माहीत असायला हवं, ते सगळं इथे लिहिते आहे. उदाहरणं नॅक्सोसची आहेत, पण यातलं बरंचसं इतर बेटांवरही कामाला येईल.

आधी ठरवायच्या गोष्टी

हंगाम मे ते ऑक्टोबर. थंडीत किनाऱ्यावरची बहुतेक ताव्हेर्ना बंद असतात. मे महिन्यात ऊन छान असतं, पण समुद्राचं पाणी साधारण १९ अंश, म्हणजे कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्याला हुडहुडी भरेल असं. ऑगस्टमध्ये ते २४-२५ अंशांवर जातं आणि सप्टेंबरभर उबदार राहतं. मला विचाराल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आसपास, येशूची आई मरियम हिच्या सणासाठी सगळा ग्रीस बेटांवर उतरलेला असतो. त्या दिवसांत खोली, बोट, खुर्ची सगळंच महाग.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्या माणसासाठी त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून नॅक्सोसची मोठी बोट साधारण सव्वापाच तास घेते. वेगवान बोट लवकर पोचते, पण वारा वाढला की आधी तीच रद्द होते. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर मोठीच बोट घ्या. परतीची बोट आणि घरचं विमान यांच्यामध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

किनारा कोणता

बंदराचं गाव म्हणजे होरा. तिथून चालत जाता येईल असा किनारा आयिओस येऑरिओस. पाणी लांबपर्यंत उथळ, कमरेएवढ्या पाण्यात बरंच आत जाता येतं. पोहता न येणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी मी पहिला दिवस इथेच सुचवेन.

दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर आयिओस प्रोकोपिओस. तिथली वाळू जाडसर आहे, अंगाला चिकटत नाही, मात्र पाणी लवकर खोल होतं. त्याला लागूनच आयिया आना. छोटा धक्का, त्याला बांधलेल्या कोळ्यांच्या होड्या आणि पाण्याला खेटून मांडलेली टेबलं. पुढे प्लाका सुरू होतो, चार किलोमीटर लांब आणि जितकं दक्षिणेला जाल तितका शांत. प्लाकाच्या टोकाकडे काही लोक कपड्यांशिवाय पोहतात, ही तिथली जुनी रीत आहे. कुटुंबासोबत अवघडल्यासारखं होणार असेल तर उत्तरेच्या अर्ध्या भागात थांबा. आणि कुठल्याही किनाऱ्यावर अनोळखी माणसं चौकटीत येतील असे फोटो काढू नका.

उन्हाळ्यात होराच्या बंदरापासून या तिन्ही किनाऱ्यांना दिवसभर बस असते. बसमध्ये चढण्याआधी स्थानकावरच तिकीट घ्या आणि परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवा.

माझी आवडती जागा आयिया आना. तिथे पोचल्यावर बाबांचा पहिला प्रश्न होता, "भरती आली की ही टेबलं कुठे नेतात?" रत्नागिरीच्या माणसाला तो पडणारच. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दोन-तीन मीटरनं वरखाली होते. नॅक्सोसभोवतीच्या एजियन समुद्रात हा फरक वीतभरसुद्धा जेमतेम. सकाळी पाणी जिथे असतं, संध्याकाळीही जवळपास तिथेच. म्हणून तर पाण्यापासून दहा पावलांवर चुली पेटतात आणि टेबलावरचं पांढरं कागदी आच्छादन कोरडं राहतं.

सकाळी: खुर्ची, छत्री की आपली चटई

पोचल्या पोचल्या एक गोष्ट विचारून घ्या: आरामखुर्च्यांचे पैसे वेगळे आहेत का? काही ताव्हेर्नांत जेवणाऱ्यांना खुर्ची-छत्री फुकट मिळते. काहींत अमुक एवढ्या रकमेचं खाणंपिणं घ्यावं लागतं. काहींत दोन खुर्च्या आणि एका छत्रीचं भाडं असतं आणि पुढच्या रांगेला जास्त पडतं. बसल्यानंतर विचारलंत तर मनात खंत राहते. आधी विचारण्यात तिथे कुणालाही गैर वाटत नाही.

खुर्ची घेतलीच पाहिजे असं मुळीच नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरचे रहिवासी आपापले टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले होते, कारण खुर्च्यांनी सगळी वाळू व्यापून टाकली होती आणि गावच्या माणसालाच बसायला जागा उरली नव्हती. ती चळवळ देशभर पसरली. पुढे २०२४ च्या कायद्यानं किनाऱ्याचा किमान निम्मा भाग मोकळा ठेवणं बंधनकारक झालं आणि खुर्च्या पाण्याच्या रेषेपासून चार मीटर मागे गेल्या. तेव्हा आपली चटई निःसंकोच अंथरा. आपल्या मिऱ्या-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यांचा विचार करताना मला त्या टॉवेलवाल्या लोकांची आठवण येते.

सावलीसाठी आर्मिरिकी शोधा. खाऱ्या वाऱ्यात तगणारं, बारीक सुईसारख्या पानांचं, वाकड्या खोडाचं हे झाड बेटांवरच्या बहुतेक किनाऱ्यांवर असतं. त्याच्या पानांवर मिठाचे कण साठतात, त्यामुळे सकाळी खाली बसलात तर अंगावर खारट थेंब पडतात. त्याची सावली फुकट आणि कापडी छत्रीपेक्षा गार.

बसल्यावर कॉफी मागवा. उन्हाळ्यात सगळे गारच पितात. फ्राप्पे म्हणजे इन्स्टंट कॉफी, पाणी आणि बर्फ घुसळून केलेली फेसाळ कॉफी. तिचा जन्म १९५७ चा, थेसालोनिकीच्या व्यापारी जत्रेतला. हल्ली फ्रेद्दो एस्प्रेसो, म्हणजे बर्फ घालून घुसळलेली एस्प्रेसो, जास्त चालते. साखर नको असेल तर स्केतो, मध्यम हवी तर मेत्रिओ, गोड हवी तर ग्लिको म्हणा. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवायला येत नाही.

पाण्यात उतरण्याआधी

हा भाग घाईनं वाचू नका.

सुती कुर्ता, जीन्स, साडी घालून पाण्यात जाऊ नका. भिजलेलं सुती कापड अंगाला गुंडाळतं, जड होतं आणि पाय मारता येत नाहीत. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो, तो भारतातूनच घेऊन जा. आईनं तोच घातला होता आणि किनाऱ्यावर कुणी वळूनही पाहिलं नाही.

एजियनचं पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट आहे, त्यामुळे तरंगायला सोपं जातं. याचा आनंद जरूर घ्या, पण पोहता येत नसेल तर छातीपर्यंतच्या पाण्यातच. लाल झेंडा असेल तर उतरू नका. गर्दीच्या किनाऱ्यांवर हंगामात जीवरक्षक असतात, पण सकाळी लवकर आणि संध्याकाळी नसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वाहतो. हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा आहे. आकाश निरभ्र असतं, म्हणून नवख्या माणसाला धोका जाणवत नाही. दुपारी त्याचा जोर वाढतो. या किनाऱ्यांवर तो बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळ पाणी शांत दिसतं, पण हवा भरलेली गादी किंवा रबरी टायर बघता बघता आत ओढला जातो. लहान मुलांना अशा खेळण्यावर बसवून सोडू नका. खेळणं वाहत गेलं तर त्याच्यामागे पोहत जाऊ नका, जाऊ द्या ते. मदतीसाठी फोन ११२.

खडकांपाशी समुद्री साळू असतात, काळ्या काट्यांच्या लिंबाएवढ्या गोळ्यासारखे. बाबांचा पाय एकावर पडला. ताव्हेर्नातल्या आजींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, काट्यांवर ऑलिव्हचं तेल चोळलं आणि चिमट्यानं एकेक काटा उपसला. दोन काटे आत मोडले, त्यासाठी हिरव्या फुलीची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानात जावं लागलं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सोबत ठेवा, म्हणजे हे सगळं टळतं.

काठावर कधी वाळलेल्या तपकिरी पानांचे ढीग दिसतात. तो कचरा नव्हे. पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची ती पानं आहेत. हे गवत असतं तिथलं पाणी नितळ असतं आणि वाळूही लाटांनी वाहून जात नाही. वाळू किंवा गोटे आठवण म्हणून उचलून आणू नका, तो कायद्यानं गुन्हा आहे.

अकराच्या सुमारास डोक्यावर टोप्या घातलेल्या चार-पाच वयस्क बायका पाण्यात गळ्यापर्यंत गोल करून उभ्या दिसतील. त्या पोहत नाहीत, गप्पा मारतात, तासभर तरी. आई दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोलात जाऊन उभी राहिली. तिला ग्रीक येत नाही, त्यांना मराठी येत नाही. बाहेर आली तेव्हा तिला त्यांच्यापैकी दोघींच्या नातवंडांची संख्या माहीत होती.

टेबलावर

जेवणाची वेळ दुपारी दोनच्या पुढे. टेबलावर येताना अंग पुसा, वर सदरा किंवा सुती कापड घ्या. ओल्या कपड्यांनी वेताच्या खुर्चीवर बसणं तिथे चांगलं मानत नाहीत.

ताट वेगळं वेगळं मागवू नका. पदार्थ मधोमध येतात आणि सगळे त्यातून घेतात. चौघांत आधी तीन-चार पदार्थ सांगा, मग लागेल तसं वाढवा. पदार्थ तयार होतील तसे येतात, ठरलेला क्रम नसतो. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. नको असेल तर आल्याआल्या परत करा.

मासे खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: मोठा ताजा मासा किलोच्या भावानं विकला जातो. भावाच्या पाटीवरचा आकडा एका ताटाचा समजून मी पहिल्या खेपेला मासा सांगितला, तो भरला सव्वा किलो, आणि बिल पाहून जेवणाची सगळी चव गेली. चूक न विचारण्यातली होती. आता मी आत जाते, बर्फावरचा मासा बघते, समोर वजन करून घेते, रक्कम विचारते आणि मगच हो म्हणते. त्सिपुरा आणि लाव्राकी हे त्यातले नेहमीचे. ते बहुधा मत्स्यशेतीतले असतात, त्यामुळे स्वस्त आणि चवीला बरे. मेन्यूत नावापुढे चांदणी किंवा 'कात.' असं असेल तर माल गोठवलेला, ते लिहिणं त्यांना बंधनकारक आहे.

कमी पैशात उत्तम खायचं असेल तर गाव्रोस मागवा. लहान मासे, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, वर लिंबू. आपली मांदेली खाणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाहीत. आणि दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले ऑक्टोपस दिसले तर एक पाय भाजून मागा. उन्हानं त्यातलं पाणी आटतं, त्यामुळे निखाऱ्यावर तो बाहेरून करपट आणि आतून मऊ होतो. वरून फक्त तेल, व्हिनेगर आणि ओरेगानो.

बटाटे तळलेले मागवाच. नॅक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे. बेटावर पाणी आणि गुरं इतर बेटांपेक्षा जास्त, म्हणून इथे ग्राव्हिएरा हे गाईच्या दुधाचं चीजही होतं. टोमॅटो-काकडीच्या सॅलडवर फेता चीजऐवजी क्सिनोमिझिथ्रा हे इथलं चीज मागा, ताजं, आंबट, आपल्या टांगलेल्या दह्याच्या चक्क्याजवळ जाणारं.

घरची वाईन किलोनं मिळते. 'मिसो किलो' म्हणजे अर्धा किलो, साधारण अर्धा लिटरची सुरई. पिणार असाल तर त्यानंतरचं पोहणं संध्याकाळवर ढकला.

शाकाहारी मंडळींसाठी

"आम्हाला तिथे काय मिळणार?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर द्यायला मला फार आवडतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातले कितीतरी दिवस उपासाचे असतात. १ ते १४ ऑगस्टही त्यातलेच. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे डाळी, शेंगा, भाज्या आणि ऑलिव्हचं तेल यांचा एक मोठा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. उपासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमा' म्हणतात आणि तेलात शिजवलेल्या भाज्यांना 'लादेरा'. हे दोन शब्द पाठ करा. एवढंच, की उपासाला कोळंबी-ऑक्टोपस चालतात, म्हणून तेवढं विचारून घ्या.

आई पहिल्या दिवशी पाव आणि काकडीवर होती. दुसऱ्या दिवशी आजींनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. जुन्या ताव्हेर्नांत पातेल्यांची झाकणं उघडून दाखवण्याची पद्धत अजून आहे. पहिल्या पातेल्यात पिवळं, रटरटणारं काहीतरी होतं. आईनं चमच्याच्या टोकावर चाखलं आणि मला हाक मारली, "अगं, हे तर घट्ट वरण आहे, फोडणी तेवढी राहिलीय!" ती फावा होती. पिवळी डाळ मऊ शिजवून घोटायची आणि वर कच्चा कांदा, केपर (खारवलेल्या कळ्या), लिंबू, तेल. उरलेले सगळे दिवस तिनं ती रोज खाल्ली.

दुसऱ्या पातेल्यात व्लीता. हा आपला माठच, त्याच कुळातला. उकडून तेल-लिंबू घालून देतात, सोबत उकडलेली कोवळी कोर्जेट, म्हणजे झुकिनी, असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना हा पदार्थ हमखास चालतो. शिवाय यिगान्देस, म्हणजे टोमॅटोत भाजलेला मोठा पांढरा घेवडा. फासोलाकिया, म्हणजे फरसबीची रसभाजी. ब्रियाम, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मिश्र भाज्या. आणि कोलोकिथोकेफ्तेदेस, कोर्जेटची भजी.

दोन ठिकाणी सावध राहा. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या आणि दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानांतली गुंडाळी. दोन्ही बिनमांसाची असतात आणि खिम्याचीही. 'होरिस क्रेआस?' म्हणजे 'मांसाशिवाय?' असं विचारा. भजी आणि बटाटे ज्या तेलात तळले त्यातच कालामारीही (माकूळ) तळली असेल, हेही विचारावं लागतं. पारंपरिक चीजमध्ये अनेकदा प्राण्यांपासूनचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी चीज टाळावं. स्वतःची ओळख एका वाक्यात: 'इमे होर्तोफागोस', मी शाकाहारी आहे.

बिल आणि बारीकसारीक

बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं तिथे मानतात. 'तो लोगारियास्मो, पाराकालो' म्हणा. त्याच्यासोबत बहुतेकदा कलिंगडाच्या फोडी किंवा मद्याचे छोटे पेले येतात, ताव्हेर्नाकडून भेट. पावती मिळाली नाही तर ग्राहकानं पैसे देणं बंधनकारक नाही, अशी पाटी प्रत्येक ठिकाणी असते. कार्ड सगळीकडे चालतं. टीप ऐच्छिक आहे, मी पाच ते दहा टक्के रोख ठेवते.

स्वच्छतागृहात कागद भांड्यात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका. नळ्या अरुंद असतात, तुंबतात.

पेल्यात हिरवट, गोड, लिंबासारखा वास येणारं काही आलं तर ते कित्रो. नॅक्सोसचं खास मद्य, आतल्या डोंगरातल्या हाल्की गावात एका झाडाच्या पानांपासून गाळतात. झाडाचं फळ मला तिथे दाखवलं, जाड सालीचं, खडबडीत, पिवळं. आईनं ते हातात घेऊन फिरवलं आणि लगेच ओळखलं: कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंग. मद्य तिनं घेतलं नाही. पान मात्र चुरगाळून वास घेतला आणि ते पर्समध्ये ठेवलं.

दुपार ते संध्याकाळ

तीन ते साडेपाच ही विश्रांतीची वेळ. आवाज कमी ठेवा, फोनवर गाणी लावू नका. झाडाखाली झोपा. पाचनंतर ऊन मवाळ होतं, वाराही बऱ्याचदा पडतो आणि पाणी दिवसातलं सगळ्यात छान असतं. दुसऱ्यांदा पोहायचं ते तेव्हा.

मग हवं तर शेवटच्या बसच्या आधीची बस पकडून होराला या. बंदराच्या टोकाशी पोर्तारा आहे, अपोलोच्या मंदिराचं संगमरवरी दार. इसवी सन पूर्व सहाव्या शतकात ते बांधायला घेतलं आणि काम अर्धवट राहिलं. आता चौकट तेवढी उभी आहे आणि सूर्य मावळताना सगळं गाव तिथे जमतं. आम्ही मात्र चार दिवसांत एकदाच गेलो. बाकीच्या तिन्ही संध्याकाळी आई-बाबा आयिया आनाच्या त्याच टेबलावर बसून राहिले, पाय वाळूत, समोर पारोसचे डोंगर काळे होत जाताना. आणि आजी येऊन दिवा टांगून गेल्या, की आई फावाची आणखी एक बशी मागवायची.